भाड्याच्या माइनक्राफ्ट सर्व्हरवर मॉडपॅक कसा चढवायचा? (ऑल द मॉड्स ९)

रानजाई (शुक्र, रात्री ९:५०)

नमस्कार मंडळी. इथे गेमिंगवर धागे कमीच निघतात, पण घरात सुट्टीचा दंगा चालू आहे आणि माझं डोकं चालेनासं झालंय, म्हणून विचारते.

लेक (१४), पुण्यातले दोन भाचे आणि ठाण्याची पुतणी या चौघांना दिवाळीच्या सुट्टीत एकत्र 'ऑल द मॉड्स ९' हा मॉडपॅक खेळायचंय (मॉड म्हणजे खेळात नवी भर घालणारी फाइल, अशा बऱ्याच मॉड्सचा गठ्ठा म्हणजे मॉडपॅक). माइनक्राफ्टची जावा एडिशन. आपापल्या घरून, रोज संध्याकाळी. मी एका होस्टिंग कंपनीकडून महिन्याभरासाठी ४ जीबीचा सर्व्हर भाड्याने घेतला, मुंबईतलं ठिकाण निवडलं. कर्सफोर्ज या मॉड्सच्या संकेतस्थळावरून पॅकची झिप उतरवली, पॅनेलच्या फाइल मॅनेजरमधून चढवली आणि तिथेच उघडली. सर्व्हर चालू होतो. हिरवा दिवा लागतो, कन्सोलवर 'डन' येतं. पण पोरं जोडायला गेली की लगेच बाहेर काढतो. झिपमधून निघालं काय, तर मॅनिफेस्ट.जेसन, मॉडलिस्ट.एचटीएमएल आणि ओव्हरराइड्स नावाचं फोल्डर. मॉड्स कुठेच नाहीत.

पॅनेलवर 'एका क्लिकमध्ये मॉडपॅक' असं बटणही आहे. भाचा म्हणतो, आत्या ते दाबू नकोस, त्याचा मित्र म्हणे पस्तावला. दाबू की नको? आणि पुतणीकडे फक्त अँड्रॉइड टॅब आहे, तिचं काय? मी ऑफिसात टॅली आणि एक्सेल चालवते, त्यामुळे घाबरत नाही, पण पायरीपायरीने सांगा. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खवचट_खंडू (शुक्र, रात्री १०:०२)

अंगणात किल्ला करायला लावा. माती आणि अळीव पुरतात, ४ जीबी लागत नाही.

चकली_ब्लॉक (शुक्र, रात्री १०:०५)

खंडूशेठ, ठाण्याच्या फ्लॅटमध्ये अंगण कुठल्या मॉडने येतं तेही सांगा.

(वाखुसा, म्हणजे वाचनखूण साठवली. आमच्याकडेही हीच फर्माईश आहे.)

सिस्टीम_सखाराम (शुक्र, रात्री १०:३१)

रानजाईताई, तुम्ही चढवलेली झिप खेळणाऱ्याच्या कॉम्प्युटरसाठीची आहे. मॅनिफेस्ट.जेसन नोटपॅडमध्ये उघडून बघा. प्रत्येक मॉडचा एक प्रोजेक्ट क्रमांक, एक फाइल क्रमांक, बास. ती वाण्याला द्यायची यादी आहे, सामान नव्हे. कर्सफोर्जचं ॲप ती यादी वाचतं आणि एकेक जार फाइल (म्हणजे प्रत्यक्ष मॉड) आणून मॉड्स फोल्डरमध्ये टाकतं. सर्व्हरला ती वाचता येत नाही. त्याने ती तशीच पडू दिली आणि आधीपासून बसवलेला साधा, बिनमॉडचा माइनक्राफ्ट चालू केला. म्हणून दिवा हिरवा. पोरांकडे चारशेच्या वर मॉड्स आणि सर्व्हरकडे एकही नाही, मग तो आत घेणार कसा?

तुम्हाला हवा आहे सर्व्हर पॅक. फाइलींची नावं मी देवनागरीत लिहितोय, पॅनेलवर अर्थातच इंग्रजीत दिसतील.

कर्सफोर्जच्या संकेतस्थळावर पॅकच्या पानावर 'फाइल्स' टॅब आहे. पोरांच्या कॉम्प्युटरवर जी आवृत्ती आहे नेमकी तीच उघडा, शेवटच्या आकड्यापर्यंत तीच. तिच्या पानावर 'ॲडिशनल फाइल्स'मध्ये 'सर्व्हर-फाइल्स' नावाची मोठी झिप सापडेल. ही खरी. हिच्यात जार फाइली असतात.

मग सर्व्हर थांबवा आणि 'वर्ल्ड' फोल्डर काढून टाका. यात कुचराई नको. साध्या माइनक्राफ्टने एकदा तयार केलेल्या भागात पॅकची खनिजं नंतर उगवत नाहीत. पोरं खणून खणून दमतील आणि तुम्हाला बोल लावतील.

एवढी मोठी झिप ब्राउझरमधून चढवताना बहुतेक पॅनेलं मध्येच माघार घेतात. फाइलझिला हा फाइली चढवण्याचा प्रोग्राम घ्या, पॅनेलवर एसएफटीपीचा (फाइली पाठवण्याच्या सुरक्षित मार्गाचा) पत्ता आणि पोर्ट दिलेलं असतं, त्यातून चढवा. चढली की पॅनेलवरच 'अनआर्काइव्ह' करा, एकेक फाइल चढवत बसू नका. फाइली आतल्या फोल्डरात सांडल्या असतील तर सगळ्या वर, मुळाशी आणा. मॉड्स, कॉन्फिग, डीफॉल्टकॉन्फिग्ज, क्यूबजेएस ही फोल्डरं थेट दिसली पाहिजेत.

आता सर्व्हरचा प्रकार बदलायचा. हा पॅक माइनक्राफ्ट १.२०.१ आणि फोर्ज या मॉड चालवणाऱ्या प्रोग्रामवर चालतो, तेव्हा पॅनेलच्या 'स्टार्टअप'मध्ये व्हॅनिलाच्या (साध्या, बिनमॉडच्या खेळाच्या) जागी फोर्ज १.२०.१ निवडा. फोर्जचा पूर्ण क्रमांक ४७ ने सुरू होतो, पॅकच्या स्टार्टसर्व्हर.एसएच फाइलमध्ये लिहिलेला असतो, तोच घ्या. जावा १७ (खेळ ज्यावर चालतो तो प्रोग्राम) निवडा. ईयुला.टीएक्सटी या वापराच्या अटींच्या फाइलमध्ये 'फॉल्स'चं 'ट्रू' करा. चालू करा आणि चहा टाका, पहिल्यांदा वेळ लागतो.

रंकाळ्याचा_रेडस्टोन (शुक्र, रात्री १०:४४)

सखारामभाऊ, ताईंनी महिन्याचे पैसे मोजल्यात ते कशाला? बटण दाबायलाच की ओ! मी दोन वर्षं आमच्या कॉलेजच्या ग्रुपचे सर्व्हर चालवतोय, सगळे त्या बटणानंच बसवल्यात. पॅक निवडायचा, आवृत्ती निवडायची, बाहेर जाऊन मिसळ खाऊन यायचं. फाइलझिला काय, एसएफटीपी काय, माणूस घाबरून पळायचं अशानं.

मधुमालती (शुक्र, रात्री ११:०८)

रेडस्टोन, बटणाला माझाही विरोध नाही, पण दाबण्याआधी त्याखालचा बारीक मजकूर वाचायलाच हवा. आमच्या पॅनेलवर 'आधीच्या फाइली काढून टाका' ही खूण आपोआप टिकलेली होती. नवा पॅक बसतो खरा, पण जुनं जग त्याच्याबरोबर जातं. ताईंच्या भाच्याच्या मित्राचं हेच झालं असणार.

दुसरं म्हणजे त्या यादीत पॅकची ताजी आवृत्ती असेलच असं नाही. पोरांच्या ॲपने पॅक अद्ययावत केलेला, सर्व्हरवर मागची आवृत्ती, की पुन्हा तेच, आत घेत नाही. आणि काही मॉडकर्ते आपला मॉड कर्सफोर्जबाहेरच्या साधनांनी परस्पर उतरवायला परवानगी देत नाहीत. बसवणारा प्रोग्राम यादीवरून मॉड्स आणायला गेला की नेमके तेवढे राहून जातात. लॉगमध्ये 'मिसिंग ऑर अनसपोर्टेड मँडेटरी डिपेन्डन्सीज' दिसलं तर हेही कारण असू शकतं.

तेव्हा नव्याकोऱ्या, रिकाम्या सर्व्हरवर बटण बेशक दाबा. ज्यावर कोणी तासभर जरी खेळलंय त्यावर बॅकअपशिवाय नाही.

बाबा_बॅकअप (शुक्र, रात्री ११:१५)

मधुमालतींना +१. माझं नावच बघा.

क्रीपर_काका (शनि, सकाळी ७:२०)

सगळे पायऱ्या सांगताहेत, पण ४ जीबीकडे कोणाचंच लक्ष नाही? चारशे मॉड्स आणि ४ जीबी! लोड होतानाच मान टाकेल. पॅनेलवर 'एक्झिट कोड १३७' दिसला की समजा, मेमरी संपली आणि बाहेरून मारला. निदान ८ घ्या, जमलं तर १० घ्या.

सिस्टीम_सखाराम (शनि, सकाळी ९:०५)

काका, ८ शी सहमत. माझ्या प्रतिसादात ते यायलाच हवं होतं. पण सरसकट 'अजून रॅम घ्या' म्हणण्याला माझा आक्षेप आहे. माइनक्राफ्टचं जग पुढे ढकलण्याचं मुख्य काम एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतं. सेकंदाला २० टिक (जगाच्या हिशेबाच्या फेऱ्या), म्हणजे एका टिकला ५० मिलिसेकंद. तेवढ्यात सगळी यंत्रं, प्राणी, पाइपा हिशेबात आल्या नाहीत तर खेळ रेंगाळणारच, मग रॅम १६ असो की ३२. होस्ट निवडताना प्रोसेसर कोणता, एका कोअरचा वेग किती हे विचारायचं. जाहिरातीत मात्र सगळे जीबी मोजून दाखवतात, कारण तो आकडा गिऱ्हाइकाला कळतो.

अजून एक. ८ जीबीच्या सर्व्हरवर जावाला पूर्ण ८ देऊ नका. जावाला हीपखेरीजही (खेळाच्या डेटासाठी राखलेल्या मेमरीखेरीजही) मेमरी लागते. 'एक्सएमएक्स', म्हणजे हीपची कमाल मर्यादा, ६ च्या आसपास ठेवा, नाहीतर पुन्हा १३७.

क्रीपर_काका (शनि, सकाळी ९:३०)

मान्य, पण जीबी पुरेसे नसतील तर तुमचा वेगवान कोअर रिकाम्या घराला पहारा देणार. आधी उठू दे, मग पळवा.

मांडवीकाठ (शनि, सकाळी १०:१२)

थोडं अवांतर. भाडं कशाला, घरचा जुना पीसी लावा. मी पणजीत तेच करायला गेलो. पोर्ट फॉरवर्ड केलं, फायरवॉल उघडली, तरी बाहेरून कोणी जोडेना. शेवटी कळलं की आमचा फायबरवाला सीजीनॅटच्या मागे ठेवतो, म्हणजे एकच बाहेरचा पत्ता कित्येक गिऱ्हाइकांत वाटलेला. राउटरमधलं पोर्ट २५५६५ आपण उघडलं तरी त्याच्या पुढचं दार आपल्या हातात नाही. स्टॅटिक आयपी वेगळे पैसे भरून मिळतो, किंवा प्लेइट सारखी टनेल (मधल्या सर्व्हरमार्गे जाणारी आडवाट) लावायची. मी टनेलवर चालवलं. चाललं. पण पावसाळ्यात आमच्याकडे वीज किती वेळा जाते हे गोंयकारांना सांगायला नको, आणि जग सेव्ह होताना वीज गेली की काय होतं तेही.

बाबा_बॅकअप (शनि, सकाळी १०:१५)

काय होतं ते मी सांगू का?

मांडवीकाठ (शनि, सकाळी १०:१६)

नको.

ऱ्हाइनकाठी (शनि, दुपारी १:४०)

आमच्याकडे ड्युसेलडॉर्फला शरदाची सुट्टी ऑक्टोबरात दोन आठवडे असते. मुलगा तेव्हा नाशिकच्या मामेभावांबरोबर खेळतो, सर्व्हर मुंबईत. पिंग १३० ते १५० च्या दरम्यान असतं. लोक सांगतात की खेळताच येणार नाही. आम्हाला तसा अनुभव नाही. मारामारीच्या खेळांत इतकं अंतर जाणवेल, पण हा पॅक म्हणजे तासन् तास यंत्रं जोडत बसणं, त्यात नाही जाणवत. पेटी उघडताना किंचित उशीर होतो इतकंच.

गोंधळ असा होतो की पोरं दोन्हीला 'लॅग'च म्हणतात. पिंग म्हणजे तुमच्यापासून सर्व्हरपर्यंत जाऊन येण्याचा वेळ, तो प्रत्येकाचा वेगळा. सखारामांनी सांगितलेले टिक सगळ्यांना सारखेच. झाड तोडलं आणि ठोकळा परत उगवला, आणि हे चौघांनाही एकाच वेळी दिसलं, तर दोष सर्व्हरचा. एकालाच दिसलं तर त्याच्या घरचं वायफाय बघा. 'स्पार्क' नावाचा मॉड सर्व्हरवर असेल तर कन्सोलमध्ये 'स्पार्क टीपीएस' टाइप करा (टीपीएस म्हणजे सेकंदाला किती टिक), भांडण तिथेच मिटतं.

वेळ ठरवताना एक ध्यानात ठेवा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आमची घड्याळं मागे जातात, साडेतीन तासांचा फरक साडेचार होतो. दर वर्षी त्या रविवारी एक पार्टी तासभर ताटकळते.

रानजाई (शनि, संध्या ६:२५)

सगळ्यांचे आभार. सर्व्हर-फाइल्स सापडली, फाइलझिलाने चढवली. काकांचं भविष्य खरं ठरलं, पहिल्याच फेरीत १३७. प्लॅन ८ जीबीचा केला (डॉलरमधलं बिल आणि वर कार्डाचा फॉरेक्स आकार, असो). मेमरीवर आता पडत नाही, पण पुढे जाऊन वेगळ्याच कारणाने पडतो. क्रॅश रिपोर्टमधली ही ओळ:

'अटेम्प्टेड टू लोड क्लास नेट/माइनक्राफ्ट/क्लायंट/गुई/स्क्रीन्स/स्क्रीन फॉर इनव्हॅलिड डिस्ट डेडिकेटेड_सर्व्हर'

म्हणजे काय?

सिस्टीम_सखाराम (शनि, संध्या ६:४१)

म्हणजे सर्व्हरवर असा मॉड आहे ज्याला पडद्यावर काहीतरी दाखवायचंय, आणि सर्व्हरला पडदाच नाही. शेडर, ग्राफिक्स वाढवणारे, मेन्यू सजवणारे काही मॉड फक्त खेळणाऱ्याच्या कॉम्प्युटरसाठी असतात. सर्व्हर पॅकमधून ते आधीच वगळलेले असतात. मूळ पॅकमध्ये नसलेलं काही कोणी टाकलंय का? पॅनेलचा पासवर्ड आणखी कोणाकडे आहे?

रानजाई (शनि, संध्या ६:५८)

धाकट्या भाच्याकडे. फोन केला. 'आत्या, मी फक्त पाणी छान दिसावं म्हणून एकच टाकला.' काढला तो.

चकली_ब्लॉक (शनि, संध्या ७:०१)

पोराचा हेतू शुद्ध होता हो.

मधुमालती (शनि, संध्या ७:१०)

शेडर त्याने स्वतःच्या कॉम्प्युटरवर खुशाल टाकावा, सर्व्हरला त्याचा पत्ताही लागत नाही. पण जो मॉड नवे ठोकळे किंवा वस्तू आणतो तो दोन्हीकडे हवा, तोही एकाच आवृत्तीचा. आणि ताई, पॅनेलवर भाच्याला 'सब-युजर' करून कन्सोल आणि रीस्टार्ट एवढेच हक्क द्या. पासवर्ड बदला.

हे मी शिस्तीसाठी म्हणत नाहीये. जार फाइल म्हणजे अख्खा चालता प्रोग्राम असतो. जून २०२३ मध्ये 'फ्रॅक्चरायझर' नावाचं मालवेअर कर्सफोर्जवरच्या काही मॉड्स आणि मॉडपॅकमध्येच घुसलं होतं, काही मॉडकर्त्यांची खाती हॅक करून. अधिकृत ठिकाणची ही कथा, मग यूट्यूबच्या व्हिडिओखालच्या लिंकवरून आणलेल्या जारचं काय सांगावं.

पाटीपेन्सिल (शनि, रात्री ८:२०)

माझा थेट प्रश्न. आमच्या दोन पोरांकडे विकत घेतलेलं खातं नाही, ती दुसऱ्या कुठल्याशा लाँचरने खेळतात. सर्व्हर.प्रॉपर्टीजमध्ये 'ऑनलाइन-मोड=फॉल्स' केलं की त्यांना येता येतं असं ऐकलं. करावं का?

सिस्टीम_सखाराम (शनि, रात्री ८:३५)

येता येतं, आणि त्यांच्याबरोबर कोणालाही कोणाच्याही नावाने येता येतं. ऑनलाइन-मोड बंद म्हणजे सर्व्हर ओळखपत्र बघणं सोडून देतो, सांगाल ते नाव खरं. व्हाइटलिस्ट (परवानगी दिलेल्या नावांची यादी) असली तरी त्यातल्या एखाद्या नावाने कोणी घुसला आणि ते नाव ॲडमिनचं असलं, तर जगाची वाट लागली. चोरीच्या खात्यांबद्दल नैतिक प्रवचन देत नाही, ते तुमच्या घरात तुम्ही द्या.

एक व्यवहाराची बाब मात्र सांगतो. ऑफलाइन मोडमध्ये खेळाडूचा ओळख क्रमांक नावावरून बनतो, ऑनलाइनमध्ये खात्यावरून. महिन्याभराने खाती विकत घेऊन मोड परत 'ट्रू' केलात की सगळ्या पोरांच्या झोळ्या रिकाम्या. सर्व्हरच्या लेखी ती नवीन माणसं.

खवचट_खंडू (शनि, रात्री ८:५०)

एकंदरीत पोरांना खेळवायला आधी आयटी विभाग काढावा लागतो. आमच्या वेळी एक हाक मारली की पार्टी जमायची.

रंकाळ्याचा_रेडस्टोन (शनि, रात्री ८:५५)

खंडूकाका, हाक मारायच्या मॉडला यूडीपी पोर्ट लागतंय. थट्टा नाही, पुढं ताईंची पोरं विचारणारच, बघा तुम्ही.

गोदाघाट (शनि, रात्री ९:४०)

मूळ पॅकबद्दलच वेगळं मत मांडतो. १४ वर्षांच्या आतल्या पोरांना ऑल द मॉड्स देणंच मला पटत नाही. शेवटचा 'एटीएम स्टार' बनवायला महिनोन् महिने लागतात. सुट्टी तीन आठवड्यांची. पहिल्या आठवड्यात चौघं चार वेगवेगळ्या मॉड्समध्ये हरवतात आणि एकत्र खेळणं राहतंच. आम्ही हाताने छोटा पॅक बांधला: चाकं-यंत्रांचा 'क्रिएट', दोन-चार सजावटीचे, एक नकाशाचा, आणि सर्व्हर हलका करणारे दोन-तीन. ४ जीबीत आरामात चालतो. पोरांनी मिळून पाणचक्कीवर चालणारी गिरणी बांधली. कुठलं चाक कुठे अडकतंय यावर जेवणाच्या ताटावर वाद व्हायचे. काय टाकायचं, काय नाही हे ठरवतानाच पोरं जास्त शिकली.

क्रीपर_काका (शनि, रात्री ९:५८)

गोदाघाट, पटतंय आणि नाहीही. हाताने पॅक बांधणं म्हणजे कुठला मॉड कुठल्या आवृत्तीचा, कोण कोणावर अवलंबून, कोण कोणाशी भांडतो, हे सगळं आईबापांच्या गळ्यात. तयार पॅकमध्ये ती भांडणं दुसऱ्या कोणीतरी आधीच सोडवलेली असतात. ताईंची पोरं स्वतःच पॅकचं नाव घेऊन आलीत, आता 'पाणचक्की बांधा' म्हटलं तर ऐकतील?

गोदाघाट (शनि, रात्री १०:०३)

ऐकणार नाहीत. म्हणूनच पॅकचं नाव कळायच्या आत गाठायची असतात.

रानजाई (रवि, दुपारी १२:१०)

चालू झाला! चौघांपैकी तिघं आत आहेत, घरात कमालीची शांतता. (पुतणीचं अजून बाकी आहे.) दोन अडचणी. लेकाने जेटपॅक बनवला, उडाला की सर्व्हर हाकलतो, 'फ्लाइंग इज नॉट एनेबल्ड' म्हणून. आणि कोणी नव्या दिशेला पळत सुटलं की सगळ्यांचंच अडखळतं.

ऱ्हाइनकाठी (रवि, दुपारी १२:३२)

अभिनंदन! पहिलीचं उत्तर सोपं आहे. तुमची सर्व्हर.प्रॉपर्टीज फाइल आधीच्या बिनमॉडच्या सर्व्हरची राहिलेली दिसते. त्यात 'अलाऊ-फ्लाइट=ट्रू' करा आणि रीस्टार्ट. सर्व्हरला वाटतंय पोरगं चीटिंग करतंय.

दुसरी म्हणजे नवा भूभाग तयार करण्याचा भार, मॉडपॅकमध्ये तो फार जड असतो. 'चंकी' नावाचा मॉड फक्त सर्व्हरवर टाका, पोरांकडे लागत नाही. रात्री सगळी झोपली की कन्सोलवर 'चंकी रेडियस २०००' आणि मग 'चंकी स्टार्ट'. त्रिज्या २००० म्हणजे ४००० बाय ४००० ठोकळे, २५० बाय २५०, एकूण ६२,५०० चंक (जगाचे १६ बाय १६ ठोकळ्यांचे तुकडे). सकाळपर्यंत होईल किंवा थोडं उरेल, बंद करून दुसऱ्या रात्री पुढे चालू ठेवता येतं. उगाच १०,००० टाकू नका, क्षेत्रफळ पंचवीसपट होईल आणि पॅनेलवरची डिस्क भरेल.

शिवाय 'व्ह्यू-डिस्टन्स' (किती लांबचं दिसतं) १० वरून ८ आणि 'सिम्युलेशन-डिस्टन्स' (किती लांबपर्यंत जग हलतं) ६ वर आणा. पोरांना फरक कळणार नाही, प्रोसेसरला कळेल.

सिस्टीम_सखाराम (रवि, दुपारी १:०५)

त्याच फाइलमध्ये 'मॅक्स-टिक-टाइम' ६०००० असेल, म्हणजे एक टिक मिनिटभर अडकला की सर्व्हर स्वतःलाच मारून घेतो. जड पॅकसाठी ते -१ करतात. मी करतो.

पुतणीच्या टॅबबद्दल कोणीच उत्तर दिलं नाही, आणि उत्तर निराशेचं आहे. टॅबवर चालतं ते बेडरॉक, म्हणजे माइनक्राफ्टची वेगळी आवृत्ती, आणि हा पॅक जावा एडिशनचा. 'गायझर' नावाचा पूल आहे, पण तो साध्या सर्व्हरसाठी. चारशे मॉड्सचे ठोकळे त्याच्यावरून जात नाहीत. तिला लॅपटॉप हवा, आणि त्यातही निदान ८ जीबी एकट्या खेळाला देता येतील असा.

रानजाई (रवि, दुपारी १:३०)

अरेरे. जाऊबाईंच्या ऑफिसचा लॅपटॉप आहे, पण त्यावर कंपनीचा पहारा. पुतणी सध्या व्हिडिओ कॉलवर बसून भावांना हुकूम सोडते आहे. सगळ्यात जास्त मजा तिलाच येतेय असं दिसतंय.

आणि रेडस्टोन, तुमची जीभ काळी आहे. आज सकाळीच भाचा म्हणाला, 'व्हॉइस चॅटचा मॉड टाकू?'

रंकाळ्याचा_रेडस्टोन (रवि, दुपारी १:४४)

हा हा! घ्या मग. 'सिंपल व्हॉइस चॅट', फोर्ज १.२०.१ साठीचा, सर्व्हर आणि पोरं दोन्हीकडं. तो मूळचा यूडीपी पोर्ट २४४५४ मागतो, ते भाड्याच्या सर्व्हरवर तुमच्या नावावर नसतंय. पॅनेलच्या 'नेटवर्क'मधनं जादा पोर्ट मिळत असलं तर ते घ्या आणि कॉन्फिगमध्ये लिहा. नसलं मिळत तर पोर्टच्या जागी -१ टाका, खेळाच्याच पोर्टवरनं बोलणं जातंय, होस्टनं त्या पोर्टवर यूडीपी अडवलं नसलं म्हणजे झालं. लांब गेलं की आवाज बारीक ऐकू येतोय, गुहेत मागनं कोण ओरडलं की पोरं दचकत्यात बघा.

पिंपळपान (रवि, दुपारी ३:१५)

धागा आत्ता पाहिला. माझ्याकडे १.१२.२ चा जुना 'आरएलक्राफ्ट'चा सर्व्हर पडून आहे, २०२० मध्ये बसवलेला. तसाच परत चालू केला तर चालेल ना?

सिस्टीम_सखाराम (रवि, दुपारी ३:४०)

तसाच नको. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या नोंदी लिहिणाऱ्या जावा लायब्ररीचं भगदाड सापडलं, त्यात माइनक्राफ्टही होता. चॅटमध्ये एक विशिष्ट ओळ टाकून सर्व्हरवर बाहेरचा कोड चालवता यायचा. २०२० चा फोर्ज म्हणजे त्याआधीचा. १.१२.२ साठी फोर्जने नंतर दुरुस्त आवृत्ती काढली, ती बसवा, आणि जावा ८ च ठेवा. १७ वर तो उठणार नाही.

बाबा_बॅकअप (रवि, संध्या ५:०५)

सगळं झालं, माझाच विषय राहिला. रानजाईताई, होस्टचा बॅकअप बहुधा त्याच होस्टकडे असतो. भाडं संपलं की सर्व्हरबरोबर तोही जातो. आठवड्यातून एकदा सर्व्हर थांबवून 'वर्ल्ड' फोल्डरची झिप करा आणि घरच्या पेनड्राइव्हवर उतरवा. चालू सर्व्हरची झिप करू नका, अर्धवट लिहिलेल्या फाइली येतात.

पॅकची नवी आवृत्ती आली तर जुन्यावर नवी पसरू नका. मॉड्स, कॉन्फिग, डीफॉल्टकॉन्फिग्ज, क्यूबजेएस ही जुनी फोल्डरं काढा, मग नवी टाका. नाहीतर एकाच मॉडच्या दोन आवृत्त्या शेजारी बसतात आणि सर्व्हर उठत नाही. 'वर्ल्ड', सर्व्हर.प्रॉपर्टीज, व्हाइटलिस्ट आणि ऑप्सच्या (ॲडमिनच्या यादीच्या) फाइलींना हात लावायचा नाही.

रानजाई (रवि, रात्री ९:२०)

बाबा, पहिली झिप उतरली, पेनड्राइव्हवर लेकाचं नाव चिकटवलंय. चंकी लावून झोपते आता.

थोरला भाचा मात्र विचारतोय की हेच जग घेऊन 'ऑल द मॉड्स १०' वर जाता येईल का. काय सांगू?

मधुमालती (रवि, रात्री ९:३८)

नाही सांगा. तो १.२१.१ वर आहे, फोर्ज नाही तर निओफोर्ज, जावा २१, आणि मॉड्सची यादीही वेगळी. जुन्या जगातली ज्यांची नोंदच सापडणार नाही ती यंत्रं गायब होतील, पेट्यांतल्या सामानासकट. नवा पॅक, नवं जग. पुढच्या सुट्टीला.

रानजाई (रवि, रात्री ९:५१)

वाचून दाखवलं. 'नाताळला शाळेला किती दिवस सुट्टी आहे' हे बघायला गेलाय.